डांबऱ्याच्या अंगाखालचा बारदाना

आधी नाकाला रुमाल लावा, मग ऐका. मी बारदाना बोलतोय. सडक अर्जुनीच्या जरा अलीकडे, हायवेला लागून योगराजचा ढाबा आहे. त्या ढाब्यामागच्या तारेवर मला टांगून ठेवलंय. पोतं म्हणालात तरी चालेल, पण तांदळाच्या गिरणीत आम्हाला बारदाना म्हणतात आणि मला तेच नाव बरं वाटतं. आज माझ्याकडे बघून कुणाला पटणार नाही, पण मी चांगल्या घरचा आहे.

माझा जन्म बंगालकडच्या तागाच्या कारखान्यात झाला. तिथून गठ्ठ्यात बांधून मला गोंदियाला आणलं आणि एका राईस मिलमध्ये माझ्या पोटात पहिल्यांदा तांदूळ पडला. एचएमटी जातीचा, बारीक, नवा तांदूळ! काय तो वास, काय तो कोरडा, स्वच्छ स्पर्श! हमालांच्या लोखंडी आकड्यांनी कुशीत दोन-चार भोकं पाडली, पण तांदळाच्या सहवासात तेही दुखत नव्हतं. मला वाटायचं, जन्मभर असंच राहायचं. भरायचं, रिकामं व्हायचं, पुन्हा भरायचं.

मी योगराजच्या ढाब्यावर आलो तो बिर्याणीचा तांदूळ घेऊन. तांदूळ संपला तशी मला उलटा करून झटकलं. आता फार तर कांदे-बटाटे भरतील अशी माझी अपेक्षा होती. तर योगराजने मला भट्टीजवळ जमिनीवर पसरलं आणि हाक मारली, "ये रे डांबऱ्या, हे घे तुही गादी."

एक कुत्रा आला, माझ्यावर तीन वेळा गोल फिरला आणि धपकन बसला. माझा संताप संताप झाला. ज्या अंगावर माणसांचं अन्न राहिलं त्या अंगावर कुत्र्याचं ढुंगण!

खरं सांगायचं तर तेव्हा त्याच्यात नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. रस्त्याचं काम चालू असताना डांबराच्या ड्रमाआड हे पिल्लू सापडलं होतं, म्हणून नाव डांबऱ्या. नखशिखांत काळा. पंजाला नाही, छातीला नाही, शेपटीच्या टोकालाही पांढरा केस नाही. उन्हात उभा राहिला की अंग चमकायचं. योगराजचा त्याच्यावर भारी जीव. गिऱ्हाईक नसलं की त्याच्याशी गप्पा मारत बसायचा. मीसुद्धा हळूहळू त्याच्या उबेला सरावलो होतो. केस गळायचे थोडेफार, पण तेवढं चालायचंच.

मग तो काळा रंगच त्याला भोवला.

इंद्रकुमार नावाचा एक ट्रक ड्रायव्हर आहे, रायपूरकडचा. नागपूरला माल टाकून परतताना तो नेहमी इथेच जेवतो. एका शनिवारी त्याची नजर डांबऱ्यावर गेली आणि तो खाटेवरून उठून उभाच राहिला. "सेठ, पूरा काला है ये! एक बाल सफेद नहीं!" त्याने रोटी मागवली, तिला मोहरीचं तेल चोपडलं, डांबऱ्यापुढे ठेवली आणि हात जोडले. शनिवारी काळ्या कुत्र्याला तेलाची रोटी घातली की शनीची पीडा टळते अशी त्याची श्रद्धा. पूर्वी एका घाटात त्याची गाडी उलटली होती. तो वाचला, आणि तेव्हापासून तो शनिवारी काळं कुत्रं शोधत फिरायचा. हायवेवर कुत्री ढीगभर, पण इतकं काळंभोर कुठे मिळायला?

ड्रायव्हर लोकांत बातमी पसरायला वेळ लागत नाही. बघता बघता शनिवारी ढाब्यासमोर ट्रकांची रांग लागायला लागली. जो तो रोटीला तेल चोपडतोय आणि हात जोडतोय. ज्याला शनिवार गाठता यायचा नाही तो मंगळवारी येऊन मागच्या शनिवारची रोटी घालायचा. योगराजने तर गल्ल्याशेजारी तेलाचा डबा आणि ब्रशच ठेवून दिला. शिवाय बाकीच्या दिवशी ताटातली उरलेली तेलकट तर्री, मसाल्याची हाडं, बटरचे गोळे, कांद्याची भाजी, सगळं डांबऱ्याच्याच पुढ्यात. कुत्रा खातोय म्हणजे कुत्रा खूश, एवढाच योगराजचा हिशेब.

खाल्लेलं जातं कुठे, हे मात्र कुणी बघत नव्हतं. ते माझ्या वाट्याला आलं होतं.

आधी नुसती गुडगुड. तो माझ्यावर पोट टेकून पडायचा आणि आतमध्ये चिखलात म्हैस चालावी तसा आवाज व्हायचा. मग पोट बिघडलं. पातळ, तेलकट, पिवळट, आणि असा वास की माशासुद्धा आधी लांब बसून विचार करायच्या. बिचारा बाहेर धावायचा, कधी पोचायचा, कधी नाही. परत आला की ढुंगण माझ्यावर घासत फरफटायचा. मला शिसारी यायची. मी तांदळाचा बारदाना, आणि माझ्या विणीत हे काय काय जिरत होतं!

एक दिवस सकाळी मला माझ्या अंगावर तांदळाचे दोन दाणे दिसले. केवढा आनंद झाला म्हणून सांगू! वाटलं, कुठल्या तरी शिवणीत अडकलेले माझे जुने दाणे असतील, मला विसरले नाहीत. मी डोळे भरून बघत राहिलो. आणि त्यातला एक दाणा हलला. आखडला, लांब झाला आणि चार धागे पुढे सरकला. त्या दिवसापासून मला तांदळाची आठवण काढायचीही लाज वाटायला लागली.

मग खाज सुरू झाली. आधी कानामागे, मग शेपटीच्या बुडाशी, मग सगळ्या पाठीवर. तो मागच्या पायाने खाजवायचा, दातांनी कुरतडायचा, पंजे चाटून चाटून लाल करायचा. केसांचे पुंजकेच्या पुंजके माझ्यावर पडायचे, वर कोंडा. काळा रंग विटून तांबूस झाला. नंतर तांबूसही राहिला नाही. पाठीवर जाड, करडी, सुरकुतलेली कातडी उघडी पडली आणि तिच्यातून चिकट पाणी यायला लागलं. त्या आंबूस वासाचं वर्णन मी करत नाही. तुम्ही जेवून बसला असाल.

आता उपाय सांगायला सगळे हजर! कुणी हळद सांगितली, कुणी कडुलिंबाचा पाला. योगराजने शेजारच्या गॅरेजमधून इंजिनचं जळकं ऑइल डबाभर आणलं. इकडे खरजुल्या जनावराला ते फासायची रीतच आहे. त्याने मोठ्या मायेने स्वतःच्या हाताने डांबऱ्याला आपादमस्तक ऑइल चोपडलं. ते सगळं गळून माझ्यात मुरलं. डांबऱ्याने अंग चाटलं, ऑइल पोटात गेलं आणि तो माझ्यावरच भडाभडा ओकला. पोटात मोहरीचं तेल, कातडीवर इंजिनचं तेल आणि मधल्या मधे मी. या माणसांच्या मायेचीसुद्धा मला किळस आली.

लोकांची तऱ्हा बघा. तेच ड्रायव्हर शनिवारी अजूनही रोटी घालत होते, पण आता लांबून भिरकावायचे, जशी गटारात घाण टाकतात तशी, आणि हात जोडून झटकन वळायचे. पुण्य दुरूनही लागत असावं. मोटारीने येणारी कुटुंबं मात्र थांबेनाशी झाली. एका बाईने दार उघडलं, डांबऱ्या शेपूट हलवत पुढे गेला, आणि ती "ई!" करून परत आत बसली. गाडी निघून गेली. डांबऱ्या धुरळ्यात तसाच शेपूट हलवत उभा होता. त्याला कळलंच नाही की ते आपल्यामुळे गेले.

योगराजला मात्र कळलं. पुढच्या शनिवारी तो इंद्रकुमारच्या खाटेजवळ जाऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला, "भैया, याले घेऊन जा ना. देवरीच्या पुढं जंगलात सोडून देजो. गिऱ्हाईक तुटून राहिलं."

इंद्रकुमारने नाक दाबलं. "इसको? मेरी गाड़ी में? सेठ, हफ्ता भर बदबू नहीं जाएगी."

ज्याच्या तेलाने हे सगळं झालं त्यालाच त्याचा वास सहन होईना! शेवटी हो-ना करता करता तो कबूल झाला. "अगले शनिवार. इसी बोरे में लपेट के पीछे बाँध देना." जंगलात बिबटे आहेत. आजारी कुत्रा तिथे किती टिकेल हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून दोघेही एकमेकांकडे बघत नव्हते. योगराज उठून भट्टीमागे गेला आणि गमछ्याने तोंड पुसत राहिला. मला वाटलं, ज्या अंगाची मला एवढी किळस, त्याच अंगाला गुंडाळून माझाही शेवट व्हायचा.

ढाब्यावर मंदाबाई भांडी घासते आणि भात रांधते. बाई जवळच्याच गावची. फार प्रेमळ वगैरे समजू नका. डांबऱ्या जवळ आला की ती त्याला झाडूने हाकलायची आणि माझ्याकडे बघून थुंकायची. पण जंगलाची गोष्ट कानावर गेली तशी ती हातातलं पातेलं आपटून उठली.

"काऊन गा भाऊ? चांगला होता तं सारा हायवे हात जोडे, आता बिबट्याले देता?"

"मंग काय करू बाई? खरूज हाये त्याले. लोकाईले पसरन."

"खरूज हाये म्हणून कोन सांगतलं? डॉक्टरनं का गॅरेजवाल्यानं?"

जनावरांच्या डॉक्टर अल्का रामटेके मंदाबाईच्या गावात बकऱ्यांना लस टोचायला येतात. मंदाबाईने त्यांना गाठलं आणि स्कूटरसकट ढाब्यावर आणलं.

डॉक्टरांनी हातमोजे घातले, डांबऱ्याचे कान पाहिले, पोट दाबलं, पाठीवरची थोडी कातडी खरवडून काचेवर घेतली. मग विचारलं, "खातो काय?"

योगराज फुशारून म्हणाला, "कमी नाई म्याडम काईच. रोटी, तर्री, बटर, चिकनची हड्डी. शनिवारी तं तेलाच्या रोट्या इतक्या का मोजता येत नाई."

"आणि शी कशी होते?"

योगराजने ओशाळून हसल्यासारखं केलं. "आता थे कोन पायते म्याडम?"

मी पाहतो! मला ओरडावंसं वाटलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर एकट्या माझ्याकडे होतं. पण बारदान्याला तोंड असतं ते फक्त शिवायला.

डॉक्टर इकडेतिकडे बघत होत्या. त्यांची नजर माझ्यावर आली. त्या खाली बसल्या, दोन बोटांनी माझं टोक उचललं आणि उजेडात धरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझे सगळे डाग, सगळी लाज त्या एकेक करून वाचत होत्या. "पातळ आहे. तेलकट आहे. इथे शेंबडासारखं पडलंय. आणि हे काय?"

"थो तांदूळ हाये म्याडम," योगराज म्हणाला. "बारदाना तांदळाचाच हाये."

"हा तांदूळ नाही, योगराजभाऊ. ही कृमी आहे. आतड्यात फितीसारखी लांबच लांब असते, तिचे तुकडे पडतात आणि ते असे दाण्यासारखे दिसतात. अंग कुरतडताना हा पिसवा गिळतो, त्यांच्यातून ती पोटात जाते."

मंदाबाईने तोंडावर पदर घेतला. योगराजचा चेहरा पांढरा पडला. रोज सकाळी तो मला झटकायचा तेव्हा ते दाणे भट्टीशेजारीच पडायचे.

दुपारी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. काचेवरच्या कातडीत खरजेचे किडे नव्हते. संध्याकाळी औषधं द्यायला त्या परत आल्या तेव्हा त्यांनी सगळं सोपं करून सांगितलं. "आतडं सुजलंय त्याचं. एवढं खातो, पण अंगाला काही लागत नाही, सगळं वाहून जातं. मग केसांना पोसणार कोण? कातडी कोरडी पडते, खाजते, हा खाजवतो, जखमा होतात, त्या चिघळतात. त्यात पिसवा. तुम्ही वरून ऑइल लावलंत, ते चाटून आतडं आणखी बिघडलं. कातडीचं औषध देते मी, पण रोग तिथे सुरू झालेला नाही. पोट सांभाळा."

मग नेमून दिलं. जंताचं औषध, पिसवांचं औषध, साबणाने ऑइल धुवायचं. खायला भाताची मऊ पेज आणि त्यात उकडलेलं अंडं. तेल बंद, मसाला बंद, हाडं, कांदा बंद. जाताजाता माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "आणि हा बारदाना जाळून टाका. पिसवांची अंडी आहेत याच्यात."

साक्ष दिली मी आणि फाशीही मलाच! राग आला, पण नवल वाटलं नाही.

योगराजला आता दुसरीच धास्ती पडली. ड्रायव्हर ऐकणार नाहीत. त्यांना नको म्हणायची त्याची छाती होत नव्हती. "धरमाचं काम हाये त्याहीचं. मी कसा रोकू? गाड्या थांबणं बंद होईन." तो शनिवारपर्यंत हेच घोकत बसला. मंदाबाई मात्र उठली. तिने मला काठीने उचललं आणि जाळायच्या ऐवजी मागच्या तारेवर टाकलं. डांबऱ्याला तिने माझ्यापासून लांब, पुढच्या बाजूला बांधलं.

शनिवारी इंद्रकुमार आला. ट्रकच्या मागे जागा करून आला होता, आणि हातात तेल चोपडलेली रोटी होती. शेवटची म्हणून चांगलं दोन्ही बाजूंनी तेल लावलं होतं. योगराज पुढे झाला आणि त्याच्यासाठी खाट झटकायला लागला.

तेवढ्यात मंदाबाई मला काठीवर घेऊन आली आणि तिने मला इंद्रकुमारच्या पायापुढे पसरलं. "हे पाय ना, भैया. तुमचे सारे शनिवार इथं चिकटून हायेत. डोळे भरून पाय."

त्याने पाहिलं. दुपारचं ऊन होतं, काहीही लपण्यासारखं नव्हतं. डाग, केस, कोंडा, ऑइल. आणि वाकून पाहिलं तर शिवणीतल्या त्या दाण्यांवरून पिसवा टुणटुण उडत होत्या. इंद्रकुमारचा चेहरा आधी आक्रसला, मग तो तोंडावर हात धरून ट्रकमागे पळाला आणि ओकला. मला फार बरं वाटलं. इतके दिवस मी एकट्याने सोसलेली किळस आज कुणाच्या तरी पोटापर्यंत पोचली होती.

चूळ भरून तो परत आला तेव्हा त्याच्या हातात रोटी नव्हती. "मैंने तो भले के लिए खिलाया, बाई. भगवान कसम." मोठा दांडगा माणूस, पण आवाज अगदी बारीक झाला होता.

"भल्यासाठीच घातलं तुम्ही," मंदाबाई म्हणाली. "पण पोट त्याचं हाये ना गा? द्याचंच असन तं पेज द्या. पेजेनं पुण्य लागत नाई म्हणून तुमच्या देवानं सांगतलं का?"

इंद्रकुमारने डांबऱ्याकडे पाहिलं. मग त्याने पेजेची वाटी मागून घेतली, डांबऱ्यापुढे ठेवली आणि हात जोडले. या खेपेला तो लांब उभा नव्हता, उकिडवा त्याच्या शेजारी बसला होता. ट्रक रिकामाच गेला. मग योगराजला धीर आला. त्याने तेलाचा डबा गल्ल्यावरून उचलून आत नेला.

तेव्हापासून माझं जाळणं लांबतच गेलं. कारण ड्रायव्हर एक का असतो? जो कुणी तेल मागेल त्याला मंदाबाई ढाब्यामागे नेऊन माझं दर्शन घडवायची. कुणी थुंकले, कुणी कानाला हात लावले, एक जण जेवण टाकून निघून गेला. बाकीच्यांनी पेज घातली. माझ्या अंगाची इतकी घृणा माझ्या हयातीत कुणाला वाटली नव्हती, आणि तिचा इतका उपयोगही झाला नव्हता.

आणि तारेवरून मी डांबऱ्याला बघत होतो. आधी त्याची शी बांधून व्हायला लागली. तुम्ही हसाल, पण ते बघून मला तांदूळ भरल्यासारखं समाधान वाटलं. मग खाजवणं कमी झालं. कानांच्या कडेला बारीक लव आली. पाठीवरची करडी कातडी मऊ पडली, तिच्यात काळे ठिपके दिसले, ठिपक्यांचे केस झाले. आज तो सकाळच्या उन्हात उभा होता आणि त्याचं अंग चमकत होतं. काल थांबलेल्या मोटारीतल्या एका मुलीने तर त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. योगराज लगेच वळून कांदा चिरायला लागला. डोळ्यांतलं पाणी कांद्यावर ढकलायची सोय त्याला बरी सापडली.

आता तेल मागणारं कुणी उरलं नाही. म्हणून मंदाबाईने आज ढाब्यामागे खड्डा खणलाय आणि ती काडेपेटी आणायला आत गेलीय. पण आज एक चूक झालीय. डांबऱ्याला बांधायचं राहून गेलंय.

तो आलाय. माझ्या खाली उभा राहून वास घेतोय, शेपूट हलवतोय. ज्या अंगापासून हायवेने तोंड फिरवलं ते अंग या येड्याला अजून गादीच वाटतंय. त्याने माझं टोक दातांत धरून ओढलंय, मी तारेवरून घसरून खाली आलोय आणि तो माझ्याभोवती गोल फिरायला लागलाय. बसायच्या आधी तो तीन वेळा फिरतो.

इतके दिवस मला याची किळस वाटली. आज माझीच मला वाटतेय. याचं अंग स्वच्छ आहे, आणि याला पुन्हा आजारी पाडणारी पिसवांची अंडी माझ्या शिवणीत बसलीत. तुम्ही कुठल्या मुक्या जिवाला जीव लावून खाऊ घालत असाल तर एवढं करा, त्याच्या तोंडाकडे बघता तसं मागेही बघत जा. माझ्यासारख्याला साक्षीला उभं करायची पाळी आणू नका.

हा बघा, दुसरा फेरा. मंदाबाई, काडी सापडली का गं? लवकर ये. याला हाकल आणि मला पेटव.